घरातलं माणूस कोण

"रड," माय म्हणाली. "बाळासारखी रड."

मी नऊ वर्षांची होते. माय बाजेवर बसली होती, मांडीवर माझी आठ दिवसांची बहीण होती, आणि ती सकाळपासून रडली नव्हती. तोंड उघडायची, पण आवाज यायचा नाही. कुंपणापलीकडे निंबाखाली पाटलाच्या चुलतभावाचा गडी बसायचा. आमच्या घराकडे कान लावून बसतो हे लपवायची त्याला गरज वाटत नव्हती. बाळ रडलं की तो पानाला चुना लावायचा. बराच वेळ रडलं नाही की उठून उभा राहायचा. आता तो उभा होता.

मी तोंडावर गोधडी धरली आणि रडले. पहिल्यांदा मोठ्या पोरीसारखा आवाज आला. मायनं माझ्या दंडाला चिमटा घेतला. दुसऱ्यांदा बरा आला. फटीतून पाहिलं तर गडी खाली बसला होता, पण पानाच्या चंचीला त्यानं हात लावला नव्हता. त्याला खरं वाटलं नाही, हे मला तेव्हाच कळलं.

बाळ मेलं असतं तर आमची विहीर गेली असती. हे असं कसं, ते सांगते.

आमचं घर माळ्याचं. अकोल्याहून दोन कोसांवर गाव, मोर्णेच्या काठाला मळा. वांगी, मिरची, मेथी, कांद्याची पात करायची आणि जुन्या शहरातल्या बाजारात नेऊन विकायची. मळ्याच्या कडेला माझ्या आज्यानं खणलेली विहीर होती आणि तिच्याभोवती दहा पावलं रुंदीचा एक पट्टा होता. त्या पट्ट्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं. मग कापसाचा भाव चढला. दूर कुठल्या तरी मुलखात लढाई चालली आहे, तिथला कापूस विलायतेला जात नाही, म्हणून आमचा जातो, असं बाजारात सांगत. लोकांनी ज्वारी मोडून कापूस पेरला. बांधावर पेरला, गायरानात पेरला, एकानं तर मसणवाटीच्या कडेनं पेरला. आणि पाटलाच्या चुलतभावाला, ज्याचं वावर आमच्या मळ्याला लागून होतं, एकाएकी आठवलं की विहिरीचा पट्टा त्याच्या बापाचा आहे आणि आमच्या आज्याला तो नुसता वापरायला दिला होता.

त्याच साली सरकारी मोजणी आली. मोजणीदार तंबू घेऊन आला, त्याच्या माणसांनी साखळी ओढली, कोपऱ्यांवर दगड रोवले. पट्ट्यापाशी साखळी आली तेव्हा माझा बा आणि तो चुलतभाऊ दोघंही ओरडायला लागले. मोजणीदारानं दोघांचं ऐकलं नाही. पाटलाला म्हणाला, "गावानं ठरवा. मी पंधरा दिवसांनी परत येतो." आणि तंबू काढून पुढच्या गावाला गेला.

गावानं ठरवा म्हणजे पंचांनी ठरवा, आणि पंचांत वर बसलेला पाटील. पाटील सरकारचा माणूस, गावाचाही माणूस आणि त्या चुलतभावाचाही माणूस. तीन टोप्या एका डोक्यावर. कोणत्या वेळी कोणती टोपी आहे ते समोरच्यानं ओळखायचं.

माझी नात अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवते. तिच्याकडे नागरिकशास्त्राचं पुस्तक आहे. डोळे गेल्यापासून मी काही वाचत नाही, तीच वाचून दाखवते. त्यात म्हटलंय की राज्याला चार गोष्टी लागतात: जमीन, माणसं, सरकार आणि सगळ्यांच्या वरची सत्ता. मी तिला म्हटलं, आमच्या लहानपणी जमीन होती, माणसं होती, सरकारं दोन होती. मुलूख निजामाचा आणि अंमल इंग्रजाचा. वरची सत्ता कोणाची ते विचारलं तर प्रत्येक जण इकडेतिकडे बघून मग बोलायचा. एकानं मुलूख दुसऱ्याला सांभाळायला दिला, हेही आम्हाला बाजारात कळलं. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. नात म्हणाली, विचारून घेण्यालाच संमती म्हणतात, आणि ती तुमच्याकडून घेतली नव्हती. मी म्हटलं, संमती काय असते ते मला ठाऊक आहे, मायनं शिकवलंय.

ते असं झालं. चावडीवर कागद कोणाकडेच नव्हता. साक्षीदार म्हणावेत तर म्हातारे मेलेले. मग पंच म्हणाले, शपथ घ्या. आमच्याकडे शिवेची शपथ म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. आंघोळ करून, ओल्या धोतरानं, त्याच जमिनीतलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं, हातात बेलभंडार घ्यायचा आणि आपली म्हणतो ती शीव अनवाणी चालून दाखवायची. मग मुदत पडते. त्या मुदतीत शपथ घेणाऱ्याच्या घरात माणूस किंवा जनावर दगावलं तर तो खोटा. नाही दगावलं तर जमीन त्याची. मोजणीदार पंधरा दिवसांनी येणार म्हणून मुदत पंधरा दिवसांची ठरली.

चुलतभावाला आधी विचारलं. तो म्हणाला, "मी काहून चालू? दावा माळ्याचा हाय, माळ्यानं चालावं." पाटलानं मान हलवली. बा चालला. मी मागून गेले होते. ढेकळाची माती ओल्या पाठीवरून वाहत होती आणि तो शिवेवरून एकदाही न अडखळता चालला. सगळं गाव म्हणालं, खरा माणूस आहे. गाव त्या दिवशी असं म्हणालं, एवढंच मी सांगते.

घरी आला तर माय चुलीपुढे बसली होती. आठ महिन्यांची गरोदर.

"कोनाच्या जिवावर शपथ घेतली?" तिनं विचारलं.

"घराच्या."

"घर म्हंजे कोन? इटा?"

बा पाठीवरची माती पुसू लागला.

"मले इचारलं होतं काय? पोट्टीले इचारलं? पोटातल्याले इचारलं? बैलायले तरी इचारलं काय?"

"बैल बरे हायेत," बा म्हणाला. तो खरंच बैलांचाच विचार करत होता. दोन बैल, एक म्हैस. चारापाणी नीट ठेवलं की पंधरा दिवस निघतील, हा त्याचा हिशेब. बाळंतपणाला महिना होता, म्हणून ते त्यानं धरलंच नव्हतं.

माय म्हणाली, "जीव आमचा अन् जीभ तुमची."

चौथ्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. दुपारी मुलगी झाली. सुईण म्हणाली, "लहानशी हाय, पन हाय." एवढंच म्हणाली. कोपरापासून बोटांपर्यंतच्या माझ्या हाताहून थोडी लांब असेल, अंगावर म्हाताऱ्यासारख्या सुरकुत्या.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं आणि चावडीवर वाद लागला. बानं येऊन सांगितला तो असा. चुलतभाऊ म्हणाला, जन्मली म्हणजे घरातलं माणूस झालं, मेली तर शपथ खोटी. बा म्हणाला, बारसं होईस्तोवर नाव नाही, नाव नाही तोवर ती कुणाच्या घरची नाही. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या पंधराव्या दिवशी. तोवर ती मोजायची नाही.

एक पंच म्हणाला, "पोट्टीच हाय ना बे? उद्या दुसऱ्याच्या घरी जाईन. तिले काय मोजता?"

दुसरा म्हणाला, "मंग तुही बायको कोनाच्या घरची हाय? आज तिले जेवाले देऊ नोको."

सगळे हसले, पण निकाल काही लागला नाही. पाटील म्हणाला, पाहू. पाटलाचं पाहू म्हणजे काय ते मला तेव्हाही माहीत होतं. जसं होईल तसा तो नियम सांगणार. नातीच्या पुस्तकात लिहिलंय की कायदा आधी असतो आणि गुन्हा नंतर. असेलही.

बा हे सगळं दाराबाहेरून सांगत होता. सोयरात पुरुष आत येत नाहीत. माय आतून ऐकत होती. ती बाळाला थोपटत राहिली. मला वाटलं तिला पटलं. विहीर वाचायची असेल तर बाचं म्हणणंच सोयीचं होतं. बाळ जगलं तर उत्तम, मेलं तरी विहीर राहिली.

पाचवीच्या दिवशी पाच-सात बायका आल्या होत्या. अंगणात बा होता, निंबाखाली गडी होता. माय बाळाला घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. बाळंतिणीनं पाचव्या दिवशी उंबऱ्यावर यायचं नसतं. बायका "व माय, आत जाय" म्हणू लागल्या. तिनं तिथंच बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मग मोठ्यानं, गड्याला ऐकू जाईल असं, तेच नाव घेतलं.

"आयकलं काय? जाऊन सांग. हे माह्या घरचं मानूस हाय. मेली तं घरचंच मेलं म्हना."

बानं डोक्यावर हात मारून घेतला. "तू विहीर बुडवून राहिली," म्हणाला.

"विहिरीनं हिले पोटात नाई वागवलं," माय म्हणाली. "म्या वागवलं, आठ महिने."

तेव्हापासून बा तिच्याशी बोलला नाही. आणि माय बाहेरच्या कुणाच्याही हातचं खाईना.

ही गोष्ट मी नीट सांगायला पाहिजे, कारण चूक इथे झाली. नाव ठेवल्यावर सगळ्यांना ठाऊक झालं की आता ही पोर मेली तर विहीर गेली. मग जो कोणी दारात आला त्याच्याकडे आम्ही त्याच डोळ्यांनी बघू लागलो. पाटलाच्या घरून दूध आलं, मायनं ते बाभळीच्या बुडाशी ओतलं. शेजारणीनं डिंकाचे लाडू दिले. शेजारणीचा नवरा चुलतभावाकडे कापूस वेचायला जायचा, म्हणून लाडू कोंबड्यांना घातले. कोंबड्यांना काही झालं नाही, तर माय म्हणाली, कोंबडीले काय होते. सुईण तेल लावायला यायची, तिचे हात मी आधी हुंगून बघायचे. मायनंच सांगितलं होतं. सुईण हसायची. मग एक दिवस हसली नाही आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. ती आली नाही, म्हणजे तिला चुलतभावानं फोडलं, असं आम्ही ठरवलं.

घरात होतं काय? गावानं ज्वारी मोडून कापूस केला तेव्हापासून ज्वारी मिळेना. मळ्यात वांगी होती, मिरची होती, ती बाळंतिणीला चालत नाहीत. म्हैस आटलेली. माय माझ्या हातची कोरडी भाकरी खायची, तीही अर्धी. मी नऊ वर्षांची, माझी भाकरी काय असेल ते असेल. तिला दूध येणं कमी झालं. बाळ चोखायचं, थकायचं, झोपायचं. आम्ही दोघी दारातून येणाऱ्या माणसांवर पहारा ठेवत होतो आणि बाळ उपाशी होतं.

हे मला तेव्हा कळलं नाही. मायला कळलं की नाही, ते तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही.

तर तो मुदतीचा अकरावा दिवस. मी रडले, गडी खाली बसला, आणि थोड्या वेळानं उठून गावाकडे गेला. तो परत आला तेव्हा त्याच्याबरोबर पाटलीण होती. पुरुष आत येऊ शकत नव्हते, म्हणून बाईला पाठवलं. बाळ आहे की गेलं ते बघून यायला. तिच्या हातात झाकलेली वाटी होती.

मी दारात आडवी उभी राहिले. तिनं मला एका हातानं बाजूला केलं, जसं शेळीला करतात. आत येऊन तिनं बाळाचं पांघरूण काढलं. छातीवर बोट ठेवलं. मग मायकडे पाहिलं, गालाकडे, गळ्याच्या हाडांकडे. बाळापेक्षा जास्त वेळ तिच्याकडेच पाहिलं.

"कोन रडलं होतं मगाशी?" तिनं विचारलं.

मी गोधडी पाठीमागे लपवली.

"काय खाऊन राहिली तू?"

"भाकर."

"आन् म्या धाडलेलं दूध?"

"बाभयीले घातलं," माय म्हणाली. घाबरली नव्हती ती. "तुमच्या घरचं हाय म्हनून."

पाटलीण खाली बसली. वाटीवरचं झाकण काढलं. तुपात भाजलेला रवा होता, गूळ घातलेला. रवा म्हणजे त्या दिवसांत आमच्या गावात पाहायला मिळत नसे. तिनं बोटांनी अर्धा वेगळा केला आणि स्वतः खाल्ला. सावकाश खाल्ला. सोयराच्या खोलीत, आमच्या घरात, पाटलाची बायको. मग उरलेला अर्धा मायपुढे सरकवला.

"आता खाय. मरू तं दोघी मरू."

"तुमी काहून मरान?" माय म्हणाली. "तुमच्या दिराले विहीर पायजे."

"माह्या दिराले लय काही पायजे असते," पाटलीण म्हणाली. "तू खाय, लेकरू उपाशी हाय तुहं. इख कोनी घातलं नाई त्याले, तूच मारून राहिली."

मायनं खाल्लं. मी तिचं तोंड बघत होते, ती मरते की काय म्हणून. नाही मेली. पाटलीण उठली, पदर झाडला आणि अंगणात गेली. निंबाखालच्या गड्यानं विचारलं, "काय व बाई, हाय?"

"रडून राहिली," पाटलीण म्हणाली. "कान गेले काय तुहे?"

बाळ रडत नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी रडलं, माझ्यापेक्षा बारीक आवाजात. मधल्या वेळात पाटलिणीनं दोनदा वाटी पाठवली आणि दोन्ही वेळा तिच्या मोलकरणीनं आमच्यासमोर आधी खाल्लं. मी सुईणीच्या घरी जाऊन तिच्या पाया पडले. ती आली, पण तेल लावून होईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. ती फुटली नव्हती. तिला राग आला होता, बस.

पंधरावा दिवस संपला. घरातलं कुणी दगावलं नव्हतं. सोळाव्या दिवशी चावडीवर पाटलानं सांगितलं, माळी खरा. चुलतभाऊ म्हणाला, पोरगी बदलली असेल. त्यावर लोक हसले. तो एकटाच हसला नाही.

मोजणीदार ठरल्यापेक्षा तीन दिवस उशिरा आला. बानं त्याला हात जोडून सांगितलं, शपथ पार पडली, गावानं ठरवलं. मोजणीदारानं वही उघडली आणि म्हणाला, "नाव तर मी त्याच दिवशी लिहिलंय. विहिरीवर मोट तुझी, पीक तुझं, ते डोळ्यांनी दिसत होतं."

बानं विचारलं, "मंग गावाले ठरवा काहून म्हनलं, सायेब?"

"भांडत होता. साखळी अडून राहिली होती."

बा घरी आला आणि हे सांगितलं. किती दिवसांनी तो मायशी बोलत होता. मायनं भाकरी थापता थापता ऐकलं. म्हणाली, "आधी त्याले इचाराचं होतं." आणि पुढची भाकरी घेतली.

नात विचारते, मग खरी सत्ता कोणाची, वहीची की शपथेची? तिच्या पुस्तकात दोन शब्द आहेत. एक ज्याच्या हातात काठी आहे त्याची सत्ता आणि दुसरा ज्याचं म्हणणं लोकांना पटतं त्याचा अधिकार. मी तिला सांगते, वही अकोल्याच्या कचेरीत होती आणि शिवेचा दगड वावरात होता. बा असेपर्यंत तो दगड कुणी हलवला नाही, तो वहीमुळे नव्हे. ज्यानं ढेकूळ डोक्यावर घेऊन पंधरा दिवस निभावले त्याच्या दगडाला हात लावायला लोक भीत होते. पुढे चुलतभावाची पोरं कोर्टात गेली, तेव्हा मात्र ढेकळाचं नावही कुणी काढलं नाही, वहीच कामाला आली. दोन्ही लागलं, आणि दोन्हींत आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे कुणी मोठ्यानं बोलायला लागलं की मी आधी बघते, हा कोणाच्या जिवावर बोलतोय.

पाटलिणीचं मला अजून कळलेलं नाही. नात म्हणते दया आली असेल. असेल. पण विहीर चुलतभावाला मिळाली असती तर तो पाटलापेक्षा मोठा झाला असता, हेही तिला कळत होतं. ती पुढे आमच्या घरी कधी आली नाही. बाजाराच्या दिवशी तिची मोलकरीण यायची आणि टोपलीतली चांगली वांगी निवडून न्यायची, काही न देता. मायनं तिला कधी अडवलं नाही. ते उपकार होते, की कर होता, की दोघींत काही बोलणं झालं होतं, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माय खरं बोलली असती याचीही मला खात्री नाही.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी अमरावतीला आले. सासऱ्यानं मुलींच्या शाळेत घातलं, चार पुस्तकं झाली. बा पुढे पटकीत गेला. माय म्हातारी होऊन गेली. पण त्या पंधरा दिवसांतून आम्ही सगळे निघालो: बा, माय, मी, दोन बैल, एक म्हैस आणि माझी बहीण. बहीण बडनेऱ्याला असते. तिला ऐकू कमी येतं, बाकी ठीक आहे.